साक्कोट्टैचा बाण : शिकाऱ्याच्या साधनांचे पदार्थविज्ञान

तमिळनाडूतील कुंभकोणम् या क्षेत्राला ज्या कुंभावरून नाव मिळाले, तो कुंभ एका शिकाऱ्याने फोडला, अशी तेथील स्थलपुराणाची कथा आहे. प्रलयाच्या पाण्यावर सृष्टीची बीजे आणि अमृत यांनी भरलेला एक घट तरंगत दक्षिणेस आला. किराताचे रूप घेतलेल्या शंकराने त्यावर बाण सोडला आणि घट फुटला. त्याचे अवयव जेथे जेथे पडले तेथे तेथे देवालये उभी राहिली. बाण जेथून सुटला ते स्थान म्हणून कुंभकोणमात बाणपुरीश्वराचे देऊळ दाखवितात. शहराच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर साक्कोट्टै हे गाव आहे. तेथील शिवाचे नाव अमृतकलशनाथ. घटाचा कलश येथे येऊन विसावला असे भाविक सांगतात. पुराणकाराने अंतर, वारा किंवा धनुष्याचा ताण यांची नोंद केलेली नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. परंतु लाटेवर डुलणाऱ्या घटाचा वेध घेणे म्हणजे काय, हे ज्याने कधी हलत्या सावजावर नेम धरला असेल त्यास समजावून सांगावे लागणार नाही.

शिकारी माणसाला आपल्या साधनांविषयी ठाम मते असतात. जड बाण खोल जातो. लांब नळीची बंदूक लांब मारते. गोळी नळीतून निघाली की आधी वर चढते. मचाणावरून मारताना नेम खाली धरावा. दुर्बीण जितकी मोठी तितकी बरी. ही मते पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आली आणि त्यांवर रात्रीच्या रात्री वाद झडले. त्यांपैकी काही पदार्थविज्ञानाच्या कसोटीस पूर्णपणे उतरतात, काही अर्धवट उतरतात, तर एखादे सपशेल चुकते. ही परीक्षा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात घेणे अनेक कारणांनी सोयीचे आहे. एक तर येथील हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने ईशान्य मोसमी पावसाचे. एरवीही कालवे, तळी आणि भातखाचरे यांमुळे हवेत ओलावा असतोच. शिकाऱ्याचे मत काहीही असो, या ओलाव्यापुढे टिकेल तेच साधन येथे चांगले ठरते. दुसरे कारण मराठी वाचकास जवळचे वाटेल. या प्रदेशावर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांच्यापैकी एक राजा विज्ञानाचा अभ्यासक आणि पट्टीचा नेमबाज अशा दोन्ही नात्यांनी प्रसिद्ध होता.

शिंगाचे धनुष्य

कुंभकोणमात अकरा मजली गोपुराचे सारंगपाणीचे मंदिर आहे. त्याच्याच समोरच्या रस्त्यावरील एका लहान घरात गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. सारंगपाणी हे विष्णूचे नाव मराठी माणसाच्या कानास परिचयाचे आहे. पण त्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. शार्ङ्ग म्हणजे शृंगाचे, अर्थात् शिंगाचे धनुष्य. ते ज्याच्या हाती तो शार्ङ्गपाणी. हा केवळ काव्यालंकार नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याची द्रव्ये सांगताना ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार नावे येतात. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांचे धागे सांगितले आहेत. धनुष्य कशाचे असावे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही कोठारप्रमुखाला पडत होता, असाच याचा अर्थ.

धनुष्य ही एक स्प्रिंग आहे. दोरी ओढताना हात जे कार्य करतो ते वाकलेल्या बाहूंत ऊर्जेच्या रूपाने साठते आणि दोरी सोडताच त्याचा बराचसा भाग बाणाला मिळतो. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत वीस किलोग्रॅम वजनाइतका जोर लागणारे धनुष्य साठ सेंटिमीटर ओढले, आणि जोर शून्यापासून समप्रमाणात वाढत गेला असे मानले, तर सुमारे साठ ज्यूल ऊर्जा साठते. तीस ग्रॅमचा बाण सेकंदास ५५ मीटर वेगाने सुटला तर त्याच्याजवळ सुमारे ४५ ज्यूल असतात. उरलेली ऊर्जा कोठे जाते? ती धनुष्याच्या बाहूंजवळच राहते. बाण पुढे फेकताना बाहूंना स्वतःलाही वेग घ्यावा लागतो, आणि बाण निघून गेल्यावर तो वेग थरथरीच्या रूपाने हाताला जाणवतो. बाण जड असेल तर सगळेच सावकाश हलते, बाहूंच्या वाट्याला कमी ऊर्जा जाते आणि बाणाच्या वाट्याला अधिक येते. जड बाण खोल जातो हे शिकाऱ्याचे मत येथे पूर्णपणे खरे ठरते. मात्र तो सावकाश जातो, ही गोष्ट मत मांडणारा पुष्कळदा सांगत नाही, आणि तिची किंमत पुढे मोजावी लागते.

शिंगाच्या धनुष्याची रचना पाहण्यासारखी आहे. मधे लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या अंगास म्हशीच्या शिंगाची पट्टी, आणि पलीकडच्या अंगास सरसात भिजवून थरावर थर चिकटविलेली तांत. धनुष्य वाकते तेव्हा आतल्या अंगावर दाब येतो आणि बाहेरच्या अंगावर ताण. शिंग दाब उत्तम सोसते, तांत ताण उत्तम सोसते. ज्या कामास जे द्रव्य योग्य ते तेथे योजावे, हे तत्त्व आज इमारतींच्या सलोह काँक्रीटमध्ये आपण नित्य पाहतो. तांत एका किलोग्रॅममागे पोलादाच्या दहापटींहून अधिक ऊर्जा साठवू शकते. त्यामुळे असे धनुष्य आखूड, हलके आणि तरीही जोरकस होते. त्याची टोके पुढे वळविलेली असली तर आणखी एक लाभ होतो. ओढण्याच्या आरंभीच जोर लवकर वाढतो आणि शेवटी तो फारसा वाढत नाही. म्हणजे तिरंदाजाला शेवटी पेलावा लागणारा जोर तेवढाच राहूनही साठलेली ऊर्जा वाढते.

मग असे धनुष्य सर्वत्र का नव्हते? उत्तर सरसात आहे. सरस ओल धरतो. कोरड्या गवताळ प्रदेशात वर्षानुवर्षे टिकणारे शिंगाचे धनुष्य भाताच्या देशात पावसाळ्यात ढिले पडते, आणि फार ओल लागली तर त्याचे थर सुटतात. हिंदुस्थानातील लोहारांनी यावर पोलादी धनुष्याचा तोडगा काढला. ते शस्त्रागाराच्या खुंटीवर वर्षानुवर्षे टांगून ठेवले तरी चालत असे; गंज चढू नये एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. पण पोलाद जड. त्याचे बाहू स्वतःलाच हलविण्यात पुष्कळ ऊर्जा खातात, आणि बाण मंद जातो. तेव्हा गोदामाच्या कारभाऱ्याला पोलादी धनुष्य आवडावे आणि शिकाऱ्याला शिंगाचे, हे स्वाभाविकच होते. रानातल्या गरीब माणसाने मात्र हा वाद केलाच नाही. त्याच्याजवळ बांबूचा कमठा होता. तो बिघडला तर दुपारपर्यंत दुसरा तयार होई.

बाणाविषयीही एक मत ऐकू येते, की तो दोरीवरून सरळ निघतो. हे चूक आहे. बाण धनुष्याच्या मध्यातून जात नाही, त्याच्या एका बाजूने जातो. म्हणजे सुटण्याच्या क्षणी तो लक्ष्यापासून किंचित तिरका असतो. तरीही तो लक्ष्यावर जातो, हे कोडे तिरंदाजांना फार दिवस छळीत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन याने १९३० नंतरच्या दशकात अतिवेगवान चित्रफितीवर बाणाचे प्रक्षेपण टिपले, तेव्हा त्याचा उलगडा डोळ्यांना दिसला. दोरीचा धक्का बसताच बाणाची काडी वाकते, धनुष्याला वळसा घालते, पुन्हा उलट वाकते, आणि अशी माशासारखी सळसळत पुढे जाऊन मग स्थिर होते. काडी फार ताठ असेल तर बाण एका बाजूस जातो, फार लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूस. या गुणास इंग्रजीत पाठीच्या कण्याचे नाव दिले आहे. मराठीत ‘ताठा’ हा शब्द अधिक शोभेल असे प्रस्तुत भाषांतरकारास वाटते, जरी तो माणसांच्या बाबतीत निंदेचा असला तरी. जुना तिरंदाज बोरूचा बाण बोटांत धरून वाकवून पाहत असे आणि काही न बोलता बाजूस ठेवीत असे. तो हाच ताठा मोजीत असे.

आता वेगाची किंमत पाहू. सेकंदास ५५ मीटर वेगाचा बाण तीस मीटर अंतर काटण्यास अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ दीड मीटर खाली येतो. हे खाली येणे ठाऊक असले तर अडचण नाही; नेम तितका वर धरता येतो. खरी अडचण अंतराच्या अंदाजाची आहे. सावज तीस मीटरांवर आहे असे समजून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात पस्तीस मीटरांवर निघाले, तर बाण सुमारे पाव मीटर खाली जातो. हरणाच्या काळजाचा ठाव घेण्यास एवढी चूक पुरेशी आहे. सावज जखमी होऊन रानात जाते आणि हाल होऊन मरते. धनुष्याच्या शिकाऱ्याचे अर्धे कौशल्य हातात नसून डोळ्यांत असते, ते यामुळे.

आधुनिक संयुक्त धनुष्याने या गणितात मोठा फरक केला. अमेरिकेतील मिझूरी राज्याच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन याने त्याच्या एकस्वासाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यास मिळाले. बाहूंच्या टोकांशी बसविलेली विषम चाके दोरी ओढताना अशी फिरतात की जोर मधल्या टप्प्यात कमाल होतो आणि पूर्ण ओढीच्या वेळी एकदम उतरतो. शेवटी हातावर कमाल जोराचा केवळ चौथा हिस्सा किंवा त्याच्या आसपास भार राहतो. तिरंदाज शांतपणे नेम धरू शकतो. बर्लिन येथे ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत या प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे वैयक्तिक विजेते ठरले. अंतिम सामन्यात ओजसचे पंधराही बाण दहाच्या वर्तुळात गेले. ते वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे आणि पन्नास मीटर दूर असते. त्या अंतरात हा वेगवान बाणही दीड मीटरहून अधिक खाली येतो. पण मैदानावर अंतर ठरलेले असते. रानात ते कोणी सांगत नाही.

नळी आणि दारू

बंदुकीने धनुष्याला मागे सारले, ते ती अधिक अचूक होती म्हणून, असा समज आहे. आरंभीची गुळगुळीत नळीची तोड्याची बंदूक मुळीच अचूक नव्हती. तिची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे, ठोकरत बाहेर पडे आणि कशीही गरगरे. तिच्या बाजूने दोन गोष्टी होत्या: ती चालविण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागत नसे, आणि सेकंदास चारशे मीटर वेगाने निघालेली गोळी पन्नास मीटरांत आठ-दहा सेंटिमीटरच खाली येई. अंतराचा अंदाज पाच मीटर चुकला तरी गोळीच्या स्थानात एक सेंटिमीटरही फरक पडत नसे. शिकाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा बंदुकीने सोपी केली.

ओलावा मात्र येथेही आडवा आला. काळ्या दारूत शंभरातील सुमारे ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. अशुद्ध सोरा हवेतील ओल शोषितो, तोडा विझतो, कानातली दारू भिजते. ऐन पावसाळ्यात, तळ्यांवर बदकांचे थवे उतरण्याच्या दिवसांत, कावेरीकाठच्या शिकाऱ्याच्या बंदुकीचा बार फुसका जाई तो यामुळे.

या प्रदेशाचा आणि बंदुकीच्या शास्त्राचा एक संबंध फारसा कोणाच्या ध्यानात नाही. गोळीचा वेग प्रथम विश्वसनीय रीतीने मोजणारा इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याचा १७५१ मध्ये अंत झाला तो कुंभकोणमपासून शंभरेक किलोमीटरांवर, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात. ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून तो येथे आला होता. त्या वेळी तंजावरच्या गादीवर प्रतापसिंह भोसले होते. रॉबिन्सचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि थोर गणिती ऑयलर याने त्याचे सटीप जर्मन भाषांतर १७४५ मध्ये केले होते. (भाषांतर हे काम थोरांनाही कमीपणाचे वाटत नसे, एवढे जाता जाता नमूद करण्यास हरकत नसावी.)

रॉबिन्सची युक्ती सोपी होती. लाकडाचा एक जड ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा आणि त्यावर गोळी झाडावयाची. गोळी आत रुतते आणि ठोकळा झुलतो. तीस ग्रॅमची गोळी चारशे मीटर वेगाने तीस किलोग्रॅमच्या ठोकळ्यात शिरली तर ठोकळ्याचा वेग सेकंदास सुमारे चाळीस सेंटिमीटर होतो. तो किती झुलला हे फितीने मोजता येते आणि त्यावरून गोळीचा वेग काढता येतो. ठोकळा निरनिराळ्या अंतरांवर ठेवून रॉबिन्सने पाहिले, तेव्हा गोळीचा वेग वाटेत भराभर कमी होतो असे आढळले. पाऊण इंच व्यासाच्या शिशाच्या गोळीवर, ती भरवेगात असताना, हवेचा अवरोध तिच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक निघाला. तोवरचे विद्वान हवेला नगण्य मानून गोळीचा मार्ग काढीत होते. हवा ही नगण्य वस्तू नसून गोळीचा मुख्य शत्रू आहे, हे या लंबकाने सिद्ध केले.

त्याने आणखी एक प्रयोग केला. बंदुकीच्या नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे गेली, पण पुढे हवेत वळून उजवीकडे आली. वाकलेल्या नळीच्या भिंतीवर घासून तिला गिरकी मिळाली होती आणि गिरकी घेणाऱ्या गोलकाला हवा एका बाजूस लोटते. क्रिकेटचा चेंडू गिरकीमुळे हवेतच वळतो किंवा डुबकी घेतो, त्यामागे हेच कारण आहे. या परिणामास आज जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याचे नाव आहे, जरी रॉबिन्सने तो शंभर वर्षे आधी दाखविला होता. गोळीची गिरकी टाळता येत नसेल तर ती आपल्या इच्छेप्रमाणे, तिच्या प्रवासाच्या दिशेभोवती द्यावी, म्हणजे ती भोवऱ्यासारखी स्थिर राहील. नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेली रायफल हेच करते. ज्या राष्ट्राला हे प्रथम नीट उमगेल त्याचे पारडे जड होईल, असे रॉबिन्सने सांगून ठेवले होते.

आता राहिलेली मते. लांब नळी लांब मारते, हे काळ्या दारूच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे. दारू जळून झालेला वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलीत राहतो. पण नळी जसजशी लांब होते तसतसा लाभ घटत जातो. लांब नळीचा दुसरा लाभ शिकाऱ्यास अनुभवाने ठाऊक असतो, पण तो त्याचे श्रेय दारूला देतो. खाच आणि माशी यांमधील अंतर एक मीटर असेल तर माशी एक मिलिमीटर ढळल्याने पन्नास मीटरांवर पाच सेंटिमीटर चूक होते. अंतर अर्धा मीटर असेल तर दहा सेंटिमीटर. नळी लांब असली की नेम बरा लागतो, आणि नेम बरा लागला की बंदूक लांब मारते असे वाटते.

गोळी आधी वर चढते, हे दिसते खरे. पण गोळीला वर उचलणारे कोणतेही बळ नसते. नळी सोडल्याच्या क्षणापासून ती खालीच पडू लागते. डोळ्याची रेषा नळीच्या वर असते आणि दोन्ही रेषा दूरवर एकत्र याव्यात म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. म्हणून गोळी डोळ्याच्या रेषेला खालून छेदून वर जाते व पुढे पुन्हा खाली येते. मचाणावरून मारताना नेम खाली धरावा, हे मत मात्र अगदी बरोबर आहे. गुरुत्वाकर्षण आडव्या अंतराचा हिशेब ठेवते, तिरप्या अंतराचा नव्हे. पंचेचाळीस अंशांनी खाली, चाळीस मीटरांवर असलेल्या सावजासाठी नेम अठ्ठावीस मीटरांचाच धरावा लागतो. वर मारतानाही तेच. पण वर मारताना नेम चढवून धरावा असे सांगणारे शिकारी पुष्कळ भेटतात, आणि ते ऐकत नाहीत.

शिकाऱ्याच्या तक्रारीतून विज्ञान कसे पुढे जाते याचे एक उत्तम उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. अलेक्झांडर फोरसाइथ हा बेलहेल्वी गावचा पाद्री पाणपक्ष्यांची शिकार करी. त्याच्या गारेच्या बंदुकीच्या कानात आधी भडका उडे, मग क्षणभराने बार होई. भडका पाहताच पक्षी बुडी मारीत किंवा वळत. उडते बदक सेकंदास पंधरा-वीस मीटर जाते. एक दशांश सेकंदाचा विलंब म्हणजे दोन मीटरांची चूक. आघाताने पेट घेणारे संयुग वापरून फोरसाइथने हा भडका नाहीसा केला आणि १८०७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे त्यातूनच तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. टोपीला पावसाची भीती कमी. तेव्हा पाद्रीबुवांच्या चिडीचा लाभ कावेरीकाठच्या शिकाऱ्यालाही पोचला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दोन हातांत दोन साधने

फोरसाइथला एकस्व मिळाले तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. त्यांचा जन्म १७७७ चा. राज्यकाल १७९८ ते १८३२. राज्यकारभार १७९९ मध्ये कंपनीच्या हाती गेला आणि राजांजवळ किल्ला, ग्रंथ आणि वेळ उरला. तो त्यांनी वाया दवडला नाही. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला, पाश्चात्त्य यंत्रे जमविली आणि देवनागरी छापखाना काढला. इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये तेथेच छापले गेले. कलकत्त्याचा बिशप हेबर १८२६ मध्ये त्यांना भेटला. लाव्हाझिए आणि लिनीअस यांचे दाखले सहज देणारा हा राजा घोड्यांचा उत्तम पारखी आहे आणि वाघावर थंड डोक्याने, न डगमगता प्राणघातक नेम धरणारा आहे, अशी शेजारच्या इंग्रज अधिकाऱ्यांत त्याची ख्याती होती, असे हेबरने लिहून ठेवले. लाव्हाझिए हा स्वतः फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याचा प्रमुख होता आणि सोऱ्याची शुद्धता वाढविणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. रसायनाचे पुस्तक आणि शिकारीची बंदूक एकाच माणसाच्या हाती असणे यात विसंगती काहीच नव्हती.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निधन पावले. औरस पुत्र नसल्याने राज्य खालसा झाले. तंजावरच्या शस्त्रागारातील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली. बाकीची बहुतेक लोखंडाच्या भावाने मोडीत निघाली. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात उरलेली शस्त्रे पाहताना पोलादावरील नक्षीच प्रथम डोळ्यांत भरते; पण मुठीची जागा, पात्याचा तोल, नळीची जाडी यांकडे पाहिले तर वापरणाऱ्याची मते वाचता येतात.

काच

दुर्बिणीविषयीचे मत तेवढे पाहावयाचे राहिले, आणि तेच सर्वांत चुकीचे आहे. दुर्बिणीवर ८×३० असे अंक असतात. पहिला अंक प्रतिमा किती पट मोठी दिसते तो. दुसरा, पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. तीसला आठने भागले की पावणेचार येतात. एवढ्या मिलिमीटर व्यासाची प्रकाशशलाका डोळ्यांत येते. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, तेव्हा हे पुरेसे आहे. संधिप्रकाशात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. तेव्हा ७×५० ची दुर्बीण डोळा भरून प्रकाश देते आणि २०×५० ची अंधुक दिसते. शिवाय वीस पटींची दुर्बीण हाताचा कंपही वीस पटींनी वाढविते. पहाटे व सांजवेळी पाणवठ्यावर बसणाऱ्यास सात-आठ पटींहून अधिक सहसा नकोच.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश गेलाच. जेनाच्या झाइस कारखान्यात अलेक्सांडर स्माकुला याने १९३५ मध्ये भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याची रीत शोधली आणि हे नुकसान पुष्कळ घटले. भिंगावर दिसणारी निळी-जांभळी झाक याच लेपाची. रायफलीवरील दुर्बिणीचा खरा उपयोगही मोठे दिसणे हा नव्हे. साध्या नेमात खाच, माशी आणि सावज या तिन्हींवर डोळ्याला एकाच वेळी दृष्टी ठरवावी लागते, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्याला ते जमत नाही. दुर्बिणीत नेमाची फुली आणि सावज एकाच प्रतलात दिसतात. पुष्कळ म्हाताऱ्या शिकाऱ्यांचा गेलेला नेम या एका गोष्टीने परत आला.

सावजाकडे पाहण्याचे साधन हळूहळू सावजापेक्षा महत्त्वाचे झाले. मुंबईत १९०८ च्या सुमारास सालिम अली नावाच्या मुलाने छऱ्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तिची जात विचारण्यास तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढे तो जन्मभर दुर्बीण घेऊन हिंडला. जुन्या तंजावर जिल्ह्याच्या टोकाशी असलेले कोडिक्करै १९६७ मध्ये अभयारण्य झाले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासण्याच्या सोसायटीच्या कामात बिहारमधील मीरशिकार जमातीच्या फासेपारध्यांचे कौशल्य उपयोगी पडले. पक्ष्याला इजा न करता धरणे त्यांच्याइतके कोणास येत होते?

सर्वांच्या वाट्याला मात्र असे काम आले नाही. तमिळ मैदानात नरिक्कुरवर किंवा कुरुविक्कारर, म्हणजे पाखरेवाले, या नावाची फिरती जमात आहे. त्यांची वागरीबोली गुजराती-मराठीच्या कुळातली. आपण शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर आलो अशी आठवण त्यांच्यातील काही सांगतात. ठासणीची बंदूक, जाळे आणि फास यांवर ते जगत. ठासणीच्या बंदुकीत दारू किती आणि छर्रे किती हे सावजागणिक हाताने ठरविता येते. त्यामुळे ती चालविणाऱ्याला चालताबोलता क्षेपणशास्त्र आत्मसात करावेच लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि हे ज्ञान गुन्ह्याच्या सदरात गेले. कायदा आवश्यक होता याविषयी दुमत नाही. पण ज्यांची उपजीविका त्याने नेली त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळण्यास २०२३ चा आरंभ उजाडावा लागला. मधल्या पन्नास वर्षांत मणी ओवून आणि विकून त्यांनी दिवस काढले. बसस्थानकांवर आणि देवळांच्या वाटांवर ते अजूनही माळा विकताना दिसतात.

बंदुकीचा एक परिणाम बंदूक थांबल्यावरही राहतो. दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे बदके खडे समजून गिळतात. जठरात ते झिजतात आणि शिशाचे विष रक्तात जाते. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीस शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद झाले. युरोपीय संघाच्या पाणथळ प्रदेशांत ती बंदी फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली.

कुंभकोणमहून निघून तिरुवारूर जिल्ह्यातील वडुवूरच्या पक्षी अभयारण्यास जाणाऱ्या शाळांना शेवटी एक व्यावहारिक सूचना. ईशान्य मोसमी पावसात भिंगांच्या आत बुरशी धरते. तिचे जाळे काचेवरील लेप खाते आणि ते पुसून निघत नाही. नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण मिळाल्यास उत्तम. साधी असेल तर ती कातडी पिशवीत मुळीच ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी, पुडी रंग बदलली की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावी, आणि आठवड्यातून एकदा तरी दुर्बीण बाहेर काढून कोरड्या उजेडात ठेवावी.